गुणसूत्रांच्या परिषदा आणि शेतकऱ्याचे बियाणे



‘सातासमुद्रांपलीकडे विद्वान मंडळी जमतात, गुणसूत्रे आणि क्रोमॅटिन अशा डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूंवर दिवसच्या दिवस वाद घालितात, त्याचे आम्हां शेतकऱ्यांस काय होय? त्यापेक्षा तुरीवरील अळीचा बंदोबस्त सांगाल तर उपयोग होईल,’ असे मंडळाच्या मागील बैठकीनंतर एका वृद्ध सभासदांनी आम्हांस ऐकविले. प्रश्न रास्त आहे. ज्या चर्चेशी आपल्या शेताचा काही संबंध नाही ती शेतकऱ्याने केवळ विद्वानांची म्हणून ऐकावी, असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु या बाबतीत आमचे मत त्यांच्याहून निराळे आहे. अशा परिषदेत काय बोलले जाते हे जितके महत्त्वाचे, तितकेच तेथे खरे-खोटे कोण ठरवितो आणि कशावरून ठरवितो हेही महत्त्वाचे असते. आणि शेतकऱ्याचे बियाणे, त्याची पेरणी व प्रसंगी त्याचे पोट या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असते. हे दोन परिषदांच्या हकिकतीवरून दाखविण्याचा आमचा विचार आहे. पहिली परिषद १९४८ साली मॉस्को येथे भरली, दुसरी १९५१ साली अमेरिकेत. दोहोंत अंतर अवघे तीन वर्षांचे, परंतु रीतीत अंतर जमीन-अस्मानाचे होते.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. मराठी शाळेत शिकलो आणि नोकरीची सर्व वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात कारकुनी करण्यात घालविली. तेव्हा विषय समजावून देताना दाखलेही दप्तराचेच सुचतील. वाचकांनी ते गोड करून घ्यावे.

प्रथम मूळ वस्तू काय ते पाहू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या कुळाचे दप्तर असते, त्यास डीएनए म्हणतात. ज्वारीच्या ताटाची उंची, मक्याच्या दाण्याचा रंग, गव्हाच्या ओंबीची कुसळे ही ज्या नोंदींवरून घडतात त्या नोंदी म्हणजे जनुके. माणसाच्या एका पेशीतील हा डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि ज्या केंद्रकात तो राहतो ते साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असते. एवढा धागा तेथे मावतो तो गुंडाळला जातो म्हणून. हिस्टोन नावाच्या प्रथिनाचे आठ रेणू मिळून एक गुंडी होते आणि तिच्याभोवती डीएनएची सुमारे १४७ अक्षरे पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळली जातात. अशा असंख्य गुंड्यांची जी माळ, तिला क्रोमॅटिन म्हणतात. पेशी दुभंगण्याच्या वेळी हीच माळ घट्ट आवळली जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखी दिसू लागते. त्या काड्या म्हणजे गुणसूत्रे. मक्यात त्यांच्या १० जोड्या असतात.

आता तहसील कचेरीची जुनी अभिलेखांची खोली ज्यांनी पाहिली असेल त्यांनी ती डोळ्यांपुढे आणावी. गावोगावचे कागद रुमालांत बांधून फळ्यांवर रचलेले असतात. कागदात नोंद अचूक असली तरी रुमालाची गाठ जोवर सुटत नाही तोवर त्या दिवसाच्या कामापुरती ती नोंद नसल्यासारखीच असते. पेशीतही नेमके असेच चालते. मुळाच्या पेशीत व पानाच्या पेशीत दप्तर एकच असते. परंतु मुळात काही रुमाल सुटलेले असतात आणि पानात दुसरे. कोणता रुमाल सोडावा व कोणता बांधून ठेवावा यासाठी डीएनएवर मेथिल नावाची लहानशी रासायनिक खूण असते आणि हिस्टोनांवरही निरनिराळ्या खुणा असतात. रुमालावर बाहेरून डकविलेल्या चिठ्ठ्याच त्या! आतील अक्षर न बदलता या चिठ्ठ्यांनी काम कसे चालते, आणि एका पेशीची चिठ्ठी तिच्यापासून झालेल्या पेशीस कशी मिळते, हे सांगणारे शास्त्र ते एपिजेनेटिक्स. हा शब्द वॅडिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४२ साली प्रचारात आणिला, जरी त्याचा तेव्हाचा अर्थ आजच्याहून व्यापक होता.

आपल्या गावी जमिनीच्या हक्कात बदल झाला म्हणजे गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो आणि मग सातबारा बदलतो. तसा डीएनएच्या अक्षरातच बदल झाला तर तो फेरफार झाला. तो बियाण्याबरोबर पुढे जातो. चिठ्ठीचे तसे नाही. ती पुष्कळदा बी धरताना फाडून टाकली जाते व नव्या रोपात नव्याने लिहिली जाते. क्वचित मात्र ती न फाटता पुढच्या पिढीसही पोहोचते. शेतकऱ्याच्या दृष्टीने साऱ्या वादाचे मर्म हेच आहे. एखाद्या पिकात आज दिसणारा गुण नोंदीतला आहे की चिठ्ठीतला? उद्याच्या बियाण्यात तो उतरेल की नाही? ज्याने घरचे बी राखिले आहे त्यास या प्रश्नाची किंमत सांगावयास नको.

याच प्रश्नावर मॉस्कोची परिषद भरली. लेनिन अखिल सोव्हिएट कृषिविज्ञान अकादमीचे हे अधिवेशन ३१ जुलै ते ७ ऑगस्ट १९४८ या दिवसांत झाले. त्रोफिम लायसेंको हे तेथील सूत्रधार. थंड मुलखात पेरला जाणारा हिवाळी गहू हिवाळ्याची दीर्घ थंडी खाल्ल्याशिवाय ओंबी धरीत नाही. हे बी भिजवून थंडीत ठेवावे आणि मग वसंतात पेरावे म्हणजे ते त्याच हंगामात पिकते, ही गोष्ट लायसेंको यांनी १९२९ च्या सुमारास गाजविली. ती अगदी नवी नव्हती. गास्नर या जर्मन शास्त्रज्ञाने पिकांच्या थंडीच्या गरजेचे वर्णन १९१८ सालीच केलेले होते. परंतु लायसेंको तेथे थांबले नाहीत. थंडी दिलेल्या हिवाळी गव्हाचा वंशच बदलून तो कायमचा वसंतातील गहू होतो, असे ते म्हणू लागले. गुणसूत्रांत वंशाचे दप्तर असते हे मत त्यांनी खोटे, निरुपयोगी आणि परक्या धनिकांचे ठरविले. निकोलाय वाविलोव्ह यांनी देशोदेशी फिरून पिकांच्या बियाण्यांचा अमोल संग्रह लेनिनग्राडला केला होता. लायसेंको यांच्या पहिल्या कामाचे त्यांनी आरंभी कौतुकही केले होते. परंतु पुढे त्यांच्याशी वाद झाला, १९४० साली वाविलोव्ह पकडले गेले आणि २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले.

१९४८ च्या अधिवेशनाचा निकाल ते भरण्यापूर्वीच लागलेला होता. लायसेंको यांच्या भाषणाचा मसुदा खुद्द स्टालिन यांनी वाचून दुरुस्त केला होता, हे पुढे जुन्या दप्तरांतून उघड झाले. अखेरच्या दिवशी लायसेंको यांनी सभेस सांगितले की, माझे भाषण पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तपासून मान्य केलेले आहे. झाले! सभा उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी गुणसूत्रांच्या बाजूने भाषणे केली होती त्यांपैकी तिघांनी त्याच सभेत उठून आपली चूक कबूल केली. इओसिफ रापोपोर्ट नावाचे एक शास्त्रज्ञ, ज्यांचा एक डोळा महायुद्धात गेला होता, ते मात्र शेवटपर्यंत मागे हटले नाहीत; त्यांची नोकरी गेली. त्यानंतर आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळा बंद झाल्या, पुस्तके मागे घेतली गेली, संशोधनासाठी राखिलेल्या फळमाश्यांचे वंश नष्ट करण्यात आले. अमेरिकेत मक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांच्या घरी पोहोचून बरीच वर्षे झाली होती. त्या रीतीलाही लायसेंको यांचा विरोध होता. एकाच जातीची झाडे गुच्छाने लाविली तर ती एकमेकांशी झुंजत नाहीत असे सांगून त्यांनी वनपट्टे लावविले, त्यांतील पुष्कळ रोपे मरून गेली. १९६५ साली लायसेंको यांच्याकडून त्यांची संस्था काढून घेण्यात आली, तोवर तेथील एक पिढी या विद्येस मुकली होती.

येथे कोणी विचारील की इतक्या शेतांवर प्रयोग झाले असता खोटे उघडकीस कसे आले नाही? याचे उत्तर शास्त्रज्ञापेक्षा कारकून अधिक चांगले देऊ शकेल. थंडी दिलेल्या गव्हाचे उत्पन्न वाढले की नाही हे लायसेंको यांनी सामुदायिक शेतांकडे प्रश्नपत्रके पाठवून विचारले होते. पत्रक भरणारा माणूस कोण? ज्यास वरिष्ठांची मर्जी राखावयाची आहे तो. शेजारी थंडी न दिलेल्या बियाण्याचा पट्टा पुष्कळ ठिकाणी राखलेलाच नव्हता. मग उत्पन्न कशाहून वाढले?

पत्रके कशी भरली जातात हे आम्ही जवळून पाहिले आहे, आणि येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी, आम्ही ज्या कचेरीत होतो तेथे, एका अवर्षणाच्या सालातील पैसेवारीचे पत्रक आमच्या टेबलावर आले. वाचकांस ठाऊकच आहे की पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर गावास महसुलात सूट, मुलांस परीक्षेच्या फीची माफी, कर्जाच्या फेडीस मुदत इत्यादी सवलती तेव्हा मिळत. वर गेली तर काही नाही. त्या गावची रब्बी ज्वारी पोटऱ्यात असतानाच वाळली होती. पीक कापणी प्रयोगासाठी जी शेते नेमून आली होती त्यांतील एकाऐवजी विहिरीखालच्या एका ओलिताच्या शेतात कापणी करून वजन लिहिले गेले, हे आम्हांस कळले होते. आकडा पन्नासाच्या वर राहिला तर बरे, असे वरून तोंडी सुचविले गेले होते. आम्ही हरकत घेतली नाही. बेरीज तपासली, बरोबर आली, सही केली. पैसेवारी बावन्न निघाली.

पंधरवड्याने त्या गावचे एक म्हातारे गृहस्थ कचेरीत आले. त्यांनी आरडाओरड केली नाही. टेबलासमोर उभे राहून एवढेच विचारले, ‘भाऊसाहेब, ही ज्वारी कोणाच्या वावरातली मोजली?’ आम्ही पत्रकाकडे पाहत राहिलो. बेरीज बिनचूक होती. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. मॉस्कोच्या परिषदेविषयी वाचताना आम्हांस त्या म्हाताऱ्यांची आठवण होते. त्या भरलेल्या सभागृहात इतक्या जणांनी टाळ्या वाजविल्या. त्यांपैकी प्रत्येकाने हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचे पुष्कळ अनर्थ टळले असते.

आता दुसरी परिषद. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर कोल्ड स्प्रिंग हार्बर नावाचे ठिकाण आहे. तेथील प्रयोगशाळेत १९३३ पासून जीवशास्त्राची परिषद भरत आली आहे आणि दरवेळी एकच विषय घेऊन त्यावर चर्चा होते. १९५१ चा विषय होता ‘जनुके आणि उत्परिवर्तने’. त्या परिषदेत बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी आपल्या मक्याच्या कामाचा निबंध वाचला.

मॅक्लिंटॉकबाईंचे काम शेतकऱ्यास सहज समजण्यासारखे आहे. त्या स्वतः मका पेरीत, तुऱ्यांवर व कणसांवर पिशव्या चढवून आपल्या हाताने पराग घालीत, आणि प्रत्येक कणसाची कुळकथा लिहून ठेवीत. १९४४-४५ च्या सुमारास त्यांस काही रोपांच्या पानांवर विलक्षण पट्टे दिसले. शेजारी शेजारी असलेल्या दोन पट्ट्यांत एकात रेघा अधिक, दुसऱ्यात उण्या. जणू एकाच पेशीच्या दोन लेकींपैकी एकीने जे गमावले ते दुसरीने मिळविले. हा माग काढीत त्या दाण्यांच्या रंगाकडे आल्या. मक्याच्या जांभळ्या रंगाचे जनुक चालू असले म्हणजे दाणा जांभळा. त्या जनुकात एक परका तुकडा येऊन बसला की रंग बंद पडतो व दाणा फिका होतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून गेला तर त्या पेशीच्या सर्व लेकी पुन्हा जांभळ्या होतात आणि फिक्या दाण्यावर जांभळा ठिपका उमटतो. तुकडा लवकर उठला तर ठिपका मोठा, उशिरा उठला तर बारीक. या तुकड्यास त्यांनी डिसोसिएशन असे नाव दिले. आणि तो आपणहून उठत नाही, ॲक्टिव्हेटर नावाचा दुसरा तुकडा त्यास उठवितो, हेही दाखविले. दप्तरातील नोंद एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन बसते, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांस पटण्याजोगे नव्हते. गुणसूत्रावर जनुके माळेतील मण्यांप्रमाणे आपापल्या जागी स्थिर असतात असेच साधारणपणे मानले जाई.

सभेने त्यांचे म्हणणे कसे घेतले याविषयी दोन मते आहेत. सभा थंड व निःशब्द राहिली, असे त्यांच्या चरित्रात १९८३ साली लिहिले गेले. पुढे दुसऱ्या इतिहासकाराने दाखविले की, मक्यात तुकडे जागा बदलतात ही गोष्ट पुष्कळांनी लवकरच मान्य केली; शंका होती ती, हे तुकडेच रोपाच्या साऱ्या वाढीचे नियमन करितात, या त्यांच्या पुढच्या विधानाविषयी. हे विधान त्यांनी मांडले त्या रूपात आजही सर्वमान्य नाही. तेव्हा सभेस अगदीच आंधळी म्हणता येत नाही. आपल्या म्हणण्याकडे लक्ष दिले जात नाही असे वाटून बाईंनी १९५३ नंतर मासिकांत लिहिणे बरेच कमी केले आणि आपले निष्कर्ष संस्थेच्या वार्षिक अहवालांतून नोंदविणे चालू ठेविले.

परंतु वाचकांनी लक्ष द्यावे ते येथे. बाईंस कोणी पकडले नाही. त्यांचे शेत कोणी नांगरून टाकले नाही. त्यांचा निबंध ज्यांस पटला नाही त्यांच्या निबंधांबरोबर त्याच पुस्तकात छापला गेला. १९५२ सालीच ब्रिंक आणि नायलन या दोघांनी दुसऱ्या ठिकाणी, मक्याच्या दुसऱ्या जनुकावर काम करून तुकडे जागा बदलतात हे पडताळून पाहिले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंतही असे फिरते तुकडे सापडले. १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, मॅक्लिंटॉकबाईंस नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेही कोणाबरोबर न वाटता. २००९ साली मक्याचे दप्तर वाचून झाले तेव्हा त्याचा सुमारे ८५ टक्के भाग अशा फिरत्या तुकड्यांचाच बनलेला आढळला. उपेक्षा झाली असेल, ती वाईटच. पण नोंद शाबूत राहिली. ज्या दप्तरात न पटलेली नोंदही जपून ठेविली जाते त्या दप्तरात सत्य आज ना उद्या सापडते.

पुढे असेही दिसून आले की ॲक्टिव्हेटर कधी झोपतो व कधी जागा होतो, असे जे बाईंनी लिहून ठेविले होते, त्यामागे मेथिलच्या चिठ्ठ्या आहेत. फिरते तुकडे मोकाट सुटू नयेत म्हणून रोप त्यांस चिठ्ठी लावून रुमालात बांधून ठेविते. अशा रीतीने मक्याचा हा माग एपिजेनेटिक्सपर्यंत येऊन पोहोचला. आणि २००४ साली त्याच कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ६९ वी परिषद भरली, तिचा विषयच एपिजेनेटिक्स हा होता.

आता कोणी म्हणतात की, एपिजेनेटिक्स निघाले तेव्हा लायसेंकोच खरे ठरले. आमच्या मते हा मोठा भ्रम आहे. थंडीची आठवण पिकात कशी राहते हे आज चांगले समजले आहे. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस नावाच्या लहानशा रोपट्यात एफएलसी नावाचे एक जनुक फुलोरा अडवून धरिते. आठवडेच्या आठवडे थंडी लागली म्हणजे त्या जनुकाच्या हिस्टोनांवर खुणा उमटतात व त्याचा रुमाल आवळला जातो; पुढे ऊन पडले तरी गाठ सुटत नाही, म्हणून रोप फुलते. इंग्लंडातील नॉर्विच येथील कॅरोलिन डीन यांनी यावर दीर्घकाळ काम केले व त्यांस २०२० सालचे शेतकीचे वुल्फ पारितोषिक मिळाले. परंतु नवे बी धरताना ही गाठ पुन्हा सोडली जाते. गव्हात जनुक निराळे आहे, व्यवहार तोच: प्रत्येक पिढीस थंडी नव्याने खावी लागते. (आपल्याकडे सामान्यतः पेरला जाणारा गहू वसंतवाणाचा असल्यामुळे त्यास या दीर्घ थंडीची गरज पडत नाही.) तेव्हा त्या हंगामापुरते लायसेंको यांचे निरीक्षण खरे असू शकेल, वंश बदलतो हे मात्र खोटे होते. चिठ्ठीला त्यांनी फेरफार म्हटले. दोन पट्टे शेजारी पेरून तीन पिढ्या पाहिले असते तर एवढा भेद लहान शेतकऱ्याच्याही ध्यानात आला असता.

आणि चिठ्ठी कधीच पुढे जात नाही असेही नव्हे. वर सांगितलेल्या ब्रिंक यांनीच १९५६ साली मक्याच्या रंगाच्या एका जनुकाविषयी असे दाखविले की, त्याची दोन रूपे एका रोपात एकत्र आली म्हणजे एकाच्या सहवासाने दुसरे फिके पडते आणि ते फिकेपण पुढच्या पिढ्यांतही उतरते. यापेक्षा शेतकऱ्याच्या खिशास झोंबणारे उदाहरण तेलताडाचे आहे. मलेशियात उत्तम झाडांच्या पेशींपासून टिश्यू कल्चरने तेलताडाची रोपे करू लागले. जळगावकडील केळीच्या बागाईतदारांस ही रीत परिचयाची आहे. सर्व रोपे एका झाडाची, दप्तर एकच. तरी त्यांतील काही झाडांस वेडीवाकडी फळे येऊ लागली व तेल घटले. ताडास फळ धरण्यास काही वर्षे लागतात, म्हणून नुकसान कळे तेव्हा खते, पाणी आणि जमीन खर्ची पडलेली असे. अक्षरात तर काही बदल सापडेना. अखेर २०१५ साली मलेशियाच्या पाम तेल मंडळातील व कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधकांनी मिळून उलगडा केला. फुलाच्या घडणीच्या एका जनुकात एक फिरता तुकडा बसलेला आहे. त्यावरील मेथिलची चिठ्ठी टिश्यू कल्चरमध्ये गळून पडली की फळ बिघडते. त्या तुकड्याचे नाव शास्त्रज्ञांनी काय ठेविले असेल? ‘कर्म’! आता रोप लहान असतानाच त्याचे पान तपासून त्याचे कर्म चांगले की वाईट हे सांगता येते. १९५१ साली एका बाईंनी मक्याच्या ठिपक्यांविषयी वाचलेला निबंध ६४ वर्षांनी ताडाच्या रोपवाटिकेत कामास आला. हीच अशा परिषदांची कमाई होय.

आमच्या वृद्ध सभासदांचा प्रश्न आम्ही विसरलो नाही. या साऱ्यातून आपण शेतकऱ्यांनी घ्यावयाचे काय? एपिजेनेटिक्स हा शब्द आता हळूहळू बाजारात येईल. अमक्या द्रावणात बी भिजवा, पीक अवर्षणास सरावेल आणि तो सराव बियाण्यात उतरून पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असे सांगणारे दारी येतील आणि आधारास एखाद्या परिषदेचे नाव घेतील. त्यांस खोटारडे म्हणून हाकलू नये, कारण त्यात काही अंश खरा असू शकतो. साष्टांग नमस्कारही घालू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, न भिजविलेल्या बियाण्याचा पट्टा शेजारी होता काय, आणि दोन्ही पट्ट्यांस जमीन व पाणी सारखे होते काय? दुसरी, हा गुण किती पिढ्या पाहिला, आणि त्या पिढ्यांत पुन्हा न भिजविता पाहिला काय? तिसरी, वजन कोणी केले, आणि ज्यास त्या मालाचा नफा नाही अशा कोणी ते पडताळून पाहिले काय?

यावर कोणी चतुर विक्रेता म्हणेल की, मॅक्लिंटॉकबाईंसही प्रथम कोणी मानिले नव्हते, तसेच आमचे आहे. त्यास सांगावे, उपेक्षा झाली एवढ्याने कोणी मॅक्लिंटॉक होत नाही. त्यांच्यापाशी प्रत्येक कणसाची कुळकथा लिहिलेली होती. तुझ्यापाशी असेल तर दाखव, आम्ही बसून वाचू.

मंडळासही आमची एक सूचना आहे. प्रत्येक गावी एका सभासदाने आपल्या शेतातील दोन गुंठे असल्या पडताळणीसाठी द्यावेत, अर्धे नव्या रीतीचे व अर्धे जुन्या. आणि निकाल या मासिकात छापावा. जे फसले तेही छापावे. यशाच्या बातम्या सर्वच छापतात. फसलेल्या पट्ट्याची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि म्हणून तीच ठेच दर हंगामास नवा शेतकरी खातो. नोंदवही ठेवण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. एका नोंदीचे देणे आमच्या अंगावर आहेच.

तुरीच्या अळीवरील औषधाची माहिती पुढील अंकी द्यावी असे आम्ही संपादकांस कळविले आहे. ती छापून येईल तेव्हा वृद्ध सभासदांनी संकोच न करता त्या औषधाविषयीही विचारावे. आणि मॉस्को असो, अमेरिका असो की आपल्या तालुक्याची कचेरी असो, जेथे जेथे शेतीविषयी आकडा सांगितला जाईल तेथे प्रत्येक शेतकऱ्याने उठून त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा प्रश्न विचारावा: ही ज्वारी कोणाच्या वावरातली मोजली?